नालदेहऱ्याला लांब मारू नका

नालदेहऱ्याचं स्कोअरकार्ड हातात आलं की मुंबई-पुण्याच्या गोल्फरला हमखास हुरूप येतो. अठरा होल, पार ६८ आणि सगळी मिळून लांबी ४,२८५ यार्ड. सरासरी काढली तर एका होलला २४० यार्डही येत नाहीत. चेंबूरला किंवा येरवड्याला दर रविवारी सहा हजार यार्डांहून लांब मैदान चालणाऱ्याला वाटतं, आपल्या हँडिकॅपपेक्षा चार-सहा फटके कमीच लागतील. मग पहिल्या टीवर ड्रायव्हर बाहेर निघतो, चेंडू झकास उठतो, देवदारांच्या शेंड्यांवरून पलीकडे जातो आणि पुन्हा कुणालाही दिसत नाही.

हे मैदान लांबीच्या जोरावर कुणाला हरवत नाही, ते हरवतं उतारावर. इथे चेंडू किती लांब गेला याला फारशी किंमत नाही. तो कुठे थांबला आणि थांबला तिथे तुम्हाला दोन पाय धड रोवता येतात का, यावर पुढचा सगळा खेळ ठरतो. एवढं पक्कं धरलं तर बाकीचा सल्ला सोपा आहे.

आधी जागेविषयी थोडं. नालदेहरा सिमल्यापासून साधारण बावीस-तेवीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून थोडं अधिक उंचीवर आहे. १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झनला ही जागा इतकी आवडली की १९०४ मध्ये जन्मलेल्या धाकट्या मुलीच्या नावातच त्याने ‘नालदेरा’ घातलं : अलेक्झांड्रा नालदेरा. इथल्या गोल्फची सुरुवातही त्याच्याच काळातली. डोंगर कापून सपाट करणारी यंत्रं तेव्हा नव्हती, त्यामुळे जमिनीचा चढउतार होता तसाच खेळात आला. ग्रीन नऊच आहेत. प्रत्येक ग्रीनवर दोन वेगवेगळ्या टींवरून खेळायचं, असे अठरा होल होतात. परिसरात महुनाग देवाचं मंदिर आहे, सगळीकडे देवदार आहेत आणि आखूड गवतावर सहलीला आलेली माणसंही असतात. फटक्याआधी ‘फोर’ ओरडायची तयारी ठेवा, कारण समोरच्या कुटुंबाला आपण गोल्फच्या मैदानात उभे आहोत याची कल्पना असेलच असं नाही.

आता यार्डांचा हिशेब. मुंबईहून जाणाऱ्याची पहिली फसगत इथेच होते. दोन हजार मीटरांवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक पंचमांश विरळ असते. विरळ हवा चेंडूला कमी अडवते आणि कमी उचलतेही. दोन्हींचा हिशेब जमेस धरला तर पूर्ण फटका सात-आठ टक्के लांब जातो. पुण्याच्या खेळाडूला हा फरक थोडा कमी जाणवेल, कारण पुणंच साडेपाचशे मीटरांवर आहे. फायदा फक्त हवेत बराच वेळ राहणाऱ्या फटक्यांना होतो. चिपला होत नाही आणि पटला तर नाहीच.

विरळ हवेत फिरकीचाही प्रभाव कमी पडतो. ज्यांचा चेंडू सवयीने उजवीकडे वळतो त्यांना हे वरदान वाटेल. पण समोरच्या देवदाराला वळसा घालून चेंडू काढायचा बेत असेल तर तो वळसा चेंबूरला पडतो तेवढा इथे पडणार नाही. शिवाय चेंडू थोडा सपाट येऊन पडतो, म्हणून पडल्यावर जास्त पळतो आणि उतारावर तर पळतच राहतो.

दुसरा हिशेब चढउताराचा. ग्रीन तुमच्यापेक्षा जितके यार्ड खाली, साधारण तितके यार्ड अंतरातून वजा करायचे आणि जितके वर तितके मिळवायचे. मधल्या आयर्नना हा आडाखा ठीक लागू पडतो, कारण त्यांचा चेंडू पंचेचाळीस अंशांच्या आसपास उतरतो. वेजचा चेंडू त्याहून उभा पडतो, म्हणून पंधरा यार्ड खालच्या ग्रीनसाठी वेजला बारा-तेरा यार्डच कापावे लागतात. ड्रायव्हरचा चेंडू सपाट येतो, त्याला त्याच उतारावर वीसच्या आसपास यार्ड फुकट मिळतात. उतारावरच्या टीवरून ड्रायव्हर अंदाजापेक्षा फार पुढे जातो तो यामुळेच.

एक उदाहरण. ग्रीन १४० यार्डांवर आणि पंधरा यार्ड खाली. उंचीच्या हवेमुळे १४० चे १३१ झाले, उताराचे पंधरा गेले, उरले ११६. ज्याचं सेव्हन आयर्न १४० जातं त्याने नाइन आयर्न किंवा पिचिंग वेज उचलावा. आता तेच ग्रीन पंधरा यार्ड वर आहे असं धरा : १३१ अधिक पंधरा, म्हणजे १४६. चढाने हवेचा सगळा नफा खाल्ला आणि वर थोडं कर्जही करून ठेवलं. म्हणजे डोंगरात चेंडू लांब जातो हे फक्त सपाटीवर आणि उताराकडे खरं आहे. चढाकडे मारताना ते विसरून जा. सकाळी गारठा असेल तर फटका आणखी चार-पाच यार्ड कमी जाईल असं धरा, थंड चेंडू आळशी असतो.

गुलमर्गला जाऊन आलेले मित्र इथे गोंधळ करतात. गुलमर्ग याहून उंच, २,६५० मीटरांवर आहे. पण ते सात हजार यार्डांहून लांब, पार ७२ चं मोकळं कुरण आहे. तिथे हवेने दिलेले जादा यार्ड उपयोगी पडतात. नालदेहऱ्याला तेच यार्ड तुम्हाला झाडीत नेऊन सोडतात. एकाच हवेची दोन मैदानांवर दोन फळं.

लेझरवाला रेंजफाइंडर असेल तर न्या, पण त्याचं चढउतार मोजणारं बटण स्पर्धेत बंद ठेवा. २०१९ पासून नियमांनुसार अंतर मोजता येतं, उंचीतला फरक मोजायला मात्र नियमांची परवानगी नाही. मित्रांच्या खेळात बटण खुशाल चालू ठेवा, डोळ्यांना डोंगरी उताराचा अंदाज शिकवायला त्याच्यासारखा मास्तर नाही.

हे झालं चेंडू हवेत असतानाचं. खरी परीक्षा तो जमिनीवर आल्यावर सुरू होते. आपल्याकडे सराव म्हणजे ड्रायव्हिंग रेंजवरची रबरी चटई, अगदी सपाट. डोंगरात सपाट जागा टीवर मिळते, कधीमधी ग्रीनवर मिळते आणि अधूनमधून नशिबाने. त्यामुळे चार उतार नीट समजून घ्या. पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावरे असाल तर दिशा उलट्या करून वाचा.

समोर चढ असेल तर खांदे चढाला समांतर करा, म्हणजे उजवा खांदा खाली जाईल. अशा लायवरून चेंडू उंच उठतो, कमी जातो आणि डावीकडे ओढला जातो. म्हणून एक क्लब जास्त घ्या आणि नेम थोडा उजवीकडे धरा. बहुतेकजण इथे चढाला टेकून उभे राहतात आणि क्लब जमिनीत रुतवतात.

समोर उतार असेल तर ते चौघांतलं सगळ्यात अवघड. घाटात जुने ड्रायव्हर म्हणतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. इथेही तेच. चेंडू पायांमध्ये जरा मागे घ्या, वजन डाव्या पायावर ठेवा, अर्ध्या-पाऊण ताकदीने मारा आणि फटक्यानंतर क्लब उताराबरोबर खाली जाऊ द्या. चेंडूला वर उचलायला गेलात की तो टॉप झालाच. या लायवरून चेंडू खालून, उजवीकडे झुकत जातो आणि पडल्यावर पळतो, म्हणून जास्त लॉफ्टचा क्लब घ्या. उतारावरून लांब आयर्न किंवा फेअरवे वूड मारण्याचा मोह झाला तर तो कॅडीकडे परत द्या.

चेंडू पायांपेक्षा वर असेल तर क्लब थोडा आखूड धरा आणि उजवीकडे नेम घ्या, कारण तो डावीकडेच जाणार. जितका जास्त लॉफ्ट तितका जास्त डावीकडे. चेंडू पायांपेक्षा खाली असेल तर गुडघे जास्त वाकवा आणि फटका संपेपर्यंत तसेच वाकलेले राहा. इथे चेंडू उजवीकडे जातो आणि अर्धे फटके अंग वर उठल्यामुळे वाया जातात. दोन उतार एकत्र आले, म्हणजे समोर उतार आणि चेंडूही पायांखाली, तर ग्रीनचा विचार सोडा. शंभर यार्डांवर कुठे सपाट तुकडा दिसतो तो बघा आणि चेंडू तिथे ठेवा.

याचा सराव घरी करता येतो. पुण्यात बावधन-लवळ्याकडचं ऑक्सफर्डचं मैदान डोंगरउतारावरच आहे, तिथे एक सकाळ काढा. तेही जमत नसेल तर कुठल्याही उतारावर चेंडूशिवाय पन्नास-साठ वेळा क्लब फिरवा आणि गवताला तो कुठे लागतो ते बघा. चढावर जमिनीला क्लब कुठे लागतो आणि उतारावर कुठे, हे एकदा अंगात मुरलं की निम्मं काम झालं.

प्रत्येक होलचा बेत ग्रीनकडून टीकडे मागे येत आखा. ग्रीनवर कुठून चेंडू पाठवणं सोपं, ती जागा कुठे, तिथे पोचायला टीवरून कोणता क्लब. या क्रमाने विचार केला की बहुतेक होलवर उत्तर सिक्स किंवा सेव्हन आयर्न येतं आणि पुरुषार्थाला जरा लागतं. लागू द्या. अडीचशे-पावणेतीनशे यार्डांच्या पार चारवर दीडशे यार्डांचा सरळ फटका आणि उरलेल्याचा एक वेज, यात बर्डीची जेवढी शक्यता आहे तेवढी देवदारांमधून शोधून काढलेल्या ड्राइव्हमध्ये नाही.

तरीही चेंडू झाडीत जाणारच, तेव्हा नियम पाठ असू द्यात. हरवल्याची शंका आली की लगेच, पुढे चालायला लागण्याआधी, प्रोव्हिजनल चेंडू मारा आणि तसं तोंडाने सांगा. पुढे जाऊन मग मागे चढून यायचं म्हणजे फटक्यापेक्षा दम जास्त खर्च होतो. शोधायला तीनच मिनिटं मिळतात, पूर्वीसारखी पाच नाहीत. हरवलेल्या चेंडूसाठी टीवर परत जाण्याऐवजी दोन फटक्यांचा दंड घेऊन पुढून खेळू देणारा स्थानिक नियम लागू आहे का, हे सुरू करण्याआधी विचारून घ्या.

देवदारांच्या सुयांमध्ये चेंडू सापडला तर त्या सुया काढता येतात, पण काढताना चेंडू हलला तर एक फटका दंड आणि चेंडू जागेवर परत. म्हणून चेंडूला चिकटलेल्या सुयांना हात न लावलेलाच बरा. चेंडू खोडाला टेकला असेल तर हिरोगिरी नको, एक फटका देऊन अनप्लेएबल घ्या. उतारावर ड्रॉप करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. आणि दिलेल्या जागेत पडूनही दोन्ही वेळा तो बाहेर घरंगळला, तर दुसऱ्यांदा जमिनीला जिथे लागला तिथे हाताने ठेवायचा. डोंगरात हे वारंवार होतं, आणि अनेकजण तिसऱ्यांदा ड्रॉप करत बसतात.

माकडांचा नियमही याच घराण्यातला. सिमल्याकडे माकडांची कमी नाही. थांबलेला चेंडू माकडाने पळवला हे नक्की असेल तर मूळ जागी दुसरा चेंडू ठेवा, दंड नाही. बॅगेतलं केळं पळवलं तर मात्र कुठलाही नियम मदतीला येत नाही, तेव्हा चेन लावून ठेवा.

ग्रीनवर सपाटीला सरावलेले डोळे दगा देतात. सगळा भोवताल तिरका असताना थोडा उतार सपाट वाटतो आणि कधीकधी उतार चढासारखा भासतो. उपाय असा की ग्रीनवर पोचल्यावर उतार बघू नका, पन्नास-साठ यार्डांवरून चालत येतानाच बघा. आजूबाजूचा मोठा डोंगर कुठे आहे, दरी कुठे आहे, पाऊस पडला तर या ग्रीनवरचं पाणी कुठल्या बाजूने वाहून जाईल, याचं उत्तर मिळालं की पट कुठे वळणार हेही बहुतेक कळलं. शंका आली तर दरीच्या बाजूला थोडं जास्त वळण धरा. अ‍ॅप्रोच मारताना चेंडू होलच्या खालच्या बाजूला राहील असं बघा. खालून वर दहा फुटांचा पट दोनात उरकतो, वरून खाली चार फुटांचा कधी चारातही उरकत नाही.

कॅडीविषयी. इथे कॅडी सामान वाहणारा नाही, तो नकाशा आहे. शक्य असेल तर चौघांत मिळून एक ‘आगेवाला’ घ्या, म्हणजे पुढे उभा राहून चेंडू कुठे पडतो ते पाहणारा. डोंगरात त्याचे पैसे वाचवलेल्या चेंडूंमध्येच फिटतात. कॅडीला ‘किती यार्ड’ असं विचारू नका, ‘कौन सा क्लब’ असंही नको, कारण तुमचं सेव्हन आयर्न किती जातं हे त्याला पहिल्या तीन होलांत माहीत नसतं. ‘बॉल कहाँ गिराऊँ’ असं विचारा. तो ग्रीनच्या डावीकडच्या एखाद्या उंचवट्याकडे बोट दाखवेल, जिथून चेंडू आपणहून ग्रीनवर घरंगळत येतो. तुम्हाला पटणार नाही, तरी मारा. पटिंगला मात्र एक ठरवून घ्या : एक तर रेषा तो सांगेल नाही तर तुम्ही बघाल. दोघांच्या मतांची सरासरी काढली की पट नेमका सरासरीनेच चुकतो. ‘साहब’ म्हणणाऱ्याला ‘भैया’ म्हणा, त्याचं नाव विचारून घ्या आणि शेवटी हात आखडता घेऊ नका.

शरीराकडेही लक्ष द्या. दोन हजार मीटर ही गंभीर आजारी पाडणारी उंची नव्हे, पण मुंबईहून पोचल्याच्या दिवशी धाप लागते, झोप नीट होत नाही, आणि धापेत पटिंग बिघडतं. पोचलेल्या दिवशी नुसतं मैदान चालून या, पटिंग करा, खेळ दुसऱ्या दिवशी. चढ संपल्यावर लगेच फटका मारू नका. क्लब कॅडीच्या हातातच राहू द्या, चार श्वास घ्या, मग उभे राहा. हवा गार असली तरी ऊन कडक असतं, दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. टोपी, मलम आणि पाणी यांत कंजुषी नको. बूट चांगल्या पकडीचे हवेत, गवतावर सकाळचं दव आणि खाली देवदाराच्या सुया, दोन्ही निसरडं. बॅगेत चौदा क्लब न्यायलाच हवेत असं नाही. दोन लांब क्लब खोलीवर ठेवले तर तुमच्या खेळाला काही होत नाही आणि कॅडीच्या पाठीला बरं वाटतं. चेंडू मात्र नेहमीपेक्षा दुप्पट न्या, आणि महागडे नकोत.

जायला एप्रिल ते जूनचा मध्य, किंवा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. पावसाळ्यात ढग मैदानावरच उतरतात आणि हिवाळ्यात बर्फ. उन्हाळ्यातही दुपारनंतर वीज-पावसाची शक्यता असते, म्हणून सकाळची वेळ घ्या. विजेचा धोका वाटला तर भोंगा वाजण्याची वाट न बघता खेळ थांबवण्याची नियमांची मुभा आहे. थांबलात की देवदाराच्या आडोशाला जाऊ नका, इमारतीत किंवा गाडीत जा.

पहिल्या नऊ होलांवर एक काम आवर्जून करा : प्रत्येक ग्रीनवर झेंडा कुठे होता आणि चेंडू कुठल्या बाजूला घरंगळला, ते कार्डाच्या मागे दोन शब्दांत लिहून ठेवा. पुढचे नऊ होल त्याच ग्रीनवर, पण दुसऱ्या टींवरून आहेत. कोन बदलतो, ग्रीनचा उतार बदलत नाही. दुसऱ्या फेरीत स्कोअर सुधारतो तो बहुतेक या टिपणामुळे.

आणि घरी परतल्यावरचं एक. डोंगरात आठवडाभर राहिलात तर नाइन आयर्नचे लांब गेलेले यार्ड डोक्यात बसतात. चेंबूरच्या पहिल्या रविवारी सगळे अ‍ॅप्रोच ग्रीनच्या अलीकडे पडायला लागले की स्विंग बिघडला असं वाटतं आणि माणूस तो दुरुस्त करायला घेतो. स्विंगला हात लावू नका, एक क्लब जास्त घ्या.